जिथं देव, तिथं गोळी नाही

दुपारी जेवून आडवा झालो होतो. अजून झोप लागली नव्हती, पण घर दूर गेल्यासारखं वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. वीरूच्या शेजारचा मुलगा बोलत होता. "काका, आप्पा उठंनात... वैनीनं तुमाला बोलावलंय." मी चपला घातल्या. वीरूचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. त्या दिवशी तेवढा रस्ता पाण्याखालून चालल्यासारखा मी चाललो. वीरू खाटेवर कुशीला वळून निजला होता. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता, जणू एखादी गंमत ऐकत ऐकत डोळा लागला होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यानं आज किती घेतल्या? आणि तोंडातून पहिला शब्द बाहेर पडला तो, "हार्ट." खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेला माणूस, माझ्या शब्दाला नळदुर्गात किंमत आहे. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, वीरभद्रप्पा हार्टनं गेले.

त्या शब्दाला आता काही आठवडे झाले. वीरभद्रप्पा हार्टनं गेला नाही, हे मला लिहायचं आहे. म्हणजे शेवटी हृदय बंद पडतंच, ते सगळ्यांचंच पडतं. पण तो ज्या वाटेनं गेला ती वाट मला माहीत होती, आणि त्या वाटेवर बराच काळ मी त्याच्यासोबत चाललो होतो.

आम्ही शाळेपासूनचे. त्याच्या घरात कानडी, आमच्या घरात मराठी, आणि बोरी नदीत पोहताना दोन्हीची खिचडी. पुढं त्यानं वडिलांचं कापडाचं दुकान सांभाळलं, मी औषधाचं दुकान टाकलं. तो मला आयुष्यभर थट्टेनं डॉक्टर म्हणत आला. कापड दाखवावं तर वीरूनंच. ठाण असं उलगडायचा की गिऱ्हाईक भाव विचारायचं विसरून रंगाकडं बघत राहायचं. दारूची त्याला मनापासून चीड होती, त्याचा एक चुलता दारूत गेला होता. गावात दारूबंदीची समिती झाली तेव्हा सगळ्यांनी एकमतानं त्यालाच अध्यक्ष केलं. बायकांचा मोर्चा निघाला की हा पुढं, पांढरं धोतर, कपाळाला भस्म.

मग हायवेवर एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. उजव्या मांडीत सळई घातली. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आला तो दुखण्याच्या गोळ्या घेऊनच. गोळ्या जोरदार होत्या, पण दुखणंही तसंच होतं, त्यामुळं सुरुवातीला कुणाचंच काही चुकलं नाही. हाड जुळलं, काठी सुटली, गोळी मात्र सुटली नाही. डॉक्टरची चिठ्ठी जुनी होत गेली. आधी मी ती बघायचो, नंतर "आणली का?" एवढंच विचारायचो, आणि पुढं तेही विचारेनासा झालो. तो या गोळीला कधी गोळी म्हणायचा नाही, "पायाचं औषध" म्हणायचा. माझ्या दुकानाचा कोपरा आला की त्याचा पाय दुखायला लागायचा, चेहरा खरोखर पिळवटायचा, ते सोंग नव्हतं. आणि पाकीट हातात पडलं, की गोळी अजून तोंडात गेलेली नसतानाच पाय दुखायचा थांबायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पुष्कळदा पाहिलं. पाहून स्वतःला म्हणायचो, मी देतोय म्हणून निदान मोजून देतोय. दुसरीकडं गेला तर कुणी काय देईल त्याला? माझं हे म्हणणं त्याच्या पायाच्या औषधासारखंच होतं, हे तेव्हा मला दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, ती लिहायला हात धजत नाही. गोळी घेतलेला वीरू मला आवडायचा. माझी बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. दुपारी दुकान बंद ठेवून मी त्याच्याकडं जाऊन बसायचो. वैनी आत झोपलेल्या असायच्या. गोळी पोटात गेल्यावर थोड्या वेळानं वीरूचे डोळे मऊ व्हायचे, आवाज खाली यायचा आणि तो बोलायला लागायचा. डोळे मिटले की बोरी नदी किल्ल्यातून निघते आणि आपल्या सोप्यातून वाहत जाते, म्हणायचा. पाण्यावरून कापडाची ठाणं उलगडत जातात, अंजिरी, मोरपंखी, कवडी रंगाची, आणि त्यांची टोकं कुठं लागतच नाहीत... आपण दोघं काठावर बसलोय, आपली पोरं लहान आहेत, कुणी मेलेलं नाही. मी ऐकत बसायचो. मी कधी गोळी घेतली नाही, पण त्या दुपारचा अंमल मलाही चढायचा. तो शुद्धीवर राहिला असता तर हिशेबाचं, गुडघ्याचं, लग्नपत्रिकांचं बोलला असता. त्याच्या गोळ्या त्याला जेवढ्या हव्या होत्या, तेवढ्याच मलाही हव्या होत्या.

कधीतरी भीती वाटलीच. मी म्हणालो, वीरू, मधे थोडे दिवस बंद कर. तो लगेच तयार झाला, अगदी आनंदानं. आमच्याकडं खंडोबा दोन गावांचा, मूर्ती एकच. वर्षातला मोठा काळ तो शेजारच्या अणदूरला राहतो, आणि मार्गशीर्षापासून पौषातल्या यात्रेपर्यंत नळदुर्गाला येतो. दोन्ही गावची माणसं एकत्र बसून ठरवतात, देव देतात, देव घेतात. वीरू म्हणाला, "देव गावात हाय तोवर गोळी न्हाय. जिथं देव, तिथं गोळी न्हाय." मला बरं वाटलं. जो माणूस देवासाठी इतके दिवस सोडू शकतो तो कसला व्यसनी?

त्या वर्षी देव आला, भंडारा उधळला, आणि वीरूनं खरंच बंद केली. चार दिवस तो अंथरुणात होता. घाम, नाकाला धार, जांभयांवर जांभया, पाय आपोआप झटकायचे. हवा बदललीय, म्हणाला. मीही म्हणालो, हवा बदललीय. मग एके दिवशी सकाळी तो कुणाची तरी सोयरीक बघायला म्हणून अणदूरला गेला, आणि दुपारी परत आला तो ताजातवाना, मऊ डोळ्यांचा. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो हसला. म्हणाला, "डॉक्टर, असं बघू नको. देव हितं हाय. तिकडं न्हाय. म्हणून तिकडं घेतली."

मी काय करायला हवं होतं ते आज कुणीही सांगेल. मी हसलो. दोघंही पोट धरून हसलो. आणि हसता हसता ते आम्हाला पटलंसुद्धा. अणदूरला माझ्या पुतण्याचं औषधाचं दुकान आहे. त्याला मी फोन करून सांगितलं, आप्पा येतील, पायाचं औषध देत जा, मी बघतो. तेव्हापासून ते व्रत झालं. देव नळदुर्गात असला की वीरू सकाळी अणदूरच्या गाडीत बसायचा. पौष सरला, देव अणदूरला परतला, की पुन्हा माझं दुकान. देव ज्या गावात त्या गावात त्यानं कधीही गोळी तोंडात घातली नाही. याचा त्याला अभिमान होता. देवाच्या दिवसांत मी त्याला कधी गोळी विकली नाही, याचा मलाही होता. समितीच्या सभेत तो उभा राहून म्हणायचा, "व्यसनी माणूस आधी स्वतःला फसवतो, मग बायकोला, मग गावाला." खिशात पाकीट असायचं. टाळी पहिली मी वाजवायचो. आणि त्यात ढोंग नव्हतं, हे कसं समजावून सांगू... तो त्या वेळी खरंच दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होता.

त्याचा मुलगा सिद्धू पुण्याला नोकरीला. बापाचं वेड असलेला पोरगा. सुट्टीत आला असताना दुकानात बसला, आणि ठाणांच्या घड्यांमध्ये त्याला रिकामी पाकिटं सापडली. त्यानं तिथं आरडाओरडा केला नाही. शांतपणे चौकशी केली, सोलापूरला व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांशी बोलला, आणि एका सकाळी दारात जीप उभी करून मामाला आणि घरातल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावून घेतलं. मलाही बोलावलं. त्याला वाटलं होतं, मी त्याच्या बाजूनं बोलेन. देव तेव्हा नळदुर्गात होता.

सिद्धू म्हणाला, आप्पांना गोळ्यांचं व्यसन आहे, लाज वाटण्यासारखं काही नाही, आजार आहे, औषध आहे, आज नेऊ या. त्यानं एकही शब्द वाकडा वापरला नाही. वीरू ऐकत होता. मग तो उठला, देवघरातून भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेला शब्द म्हणजे त्यापुढं काही नाही. चिमूट उचलून तो म्हणाला, "देव गावात आल्यापासून, या गावात, एक गोळी माझ्या तोंडात गेली असंल तर खंडोबा बघंल." आणि वाटी माझ्यापुढं धरली.

सिद्धू माझ्याकडं वळला. "काका, तुमी तरी."

मी चिमूट उचलली. बोटं पिवळी झाली. मी म्हणालो, वीरभद्र खरं बोलतोय, मी साक्षीला आहे. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. सिद्धूला म्हणालो, बापावर आळ घेताना तुला काही वाटलं नाही का? मामा म्हणाला, ह्याला दुकान नावावर करून पायजे. सिद्धूनं आईकडं पाहिलं. वैनीचं तोंड पदरात होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "जा तू." जीप ज्याला न्यायला आली होती तो खाटेवर बसून राहिला, आणि सिद्धू एकटा तिच्यात बसून गेला.

त्यानंतर तो घरी आला नाही. आईला फोन करायचा, त्या उचलायच्या नाहीत. ज्या पोरानं देवासमोर बापाला चोर ठरवलं त्याच्याशी काय बोलायचं, म्हणायच्या. गावात सिद्धूचं नाव निघालं की लोक जीभ टाळूला लावून आवाज करायचे. वीरू चिडायचा नाही. गोळी घेतली की सिद्धूबद्दलच बोलायचा. नदीकाठी सिद्धू आहे, लहान आहे, कापडाच्या टोकाला धरून पळतोय... गोळ्या वाढत गेल्या. ज्या पाकिटानं आठवडा जायचा ते दोन दिवसांत संपायला लागलं. पाय आता कधीच दुखत नव्हता, त्याची आठवणही कुणी काढत नव्हतं.

शेवटची भेट त्याच्या जाण्याच्या आदल्या दुपारची. देव यायला थोडेच दिवस उरले होते. वीरू उताणा पडून छताकडं बघत होता. म्हणाला, "डॉक्टर, त्या दिवशी म्या खोटं बोललो न्हाय ना?"

मी म्हणालो, "नाही."

"तू बी न्हाय."

"मीही नाही."

तो कुशीला वळला. मला वाटलं, डोळा लागला. मग अगदी हळू, पाण्यातून आल्यासारखा आवाज आला. "आन् सिद्धू बी खोटं बोलला न्हाय. मंग खोटं कोण बोललं रे?"

तो मनाचं दार उघडून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा. मला फक्त आत जायचं होतं. मी त्याच्या अंगावर चादर ओढली आणि म्हणालो, "झोप आता." त्यानं त्याचं नेहमीचं "इरली बिडो" म्हटलं, राहू दे, आणि डोळे मिटले.

मातीला सिद्धू आला. खड्ड्याजवळ त्याला जागा करून द्यायची तर लोक हलले नाहीत, तो मागून हात लांब करून माती टाकून गेला. नंतर समितीनं शोकसभा घेतली. मला बोलायला लावलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, निर्व्यसनी, निष्कलंक माणूस. शेवटच्या रांगेतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सिद्धू उठून बाहेर चालला होता. पाठ हुबेहूब वीरूची. उजवा पायही अपघातानंतरच्या वीरूसारखाच किंचित ओढत टाकत होता, बापाचं बघून लहानपणी नव्हे, मोठेपणी लागलेली सवय असावी. त्या पाठीकडं बघताना मला पुढचं वाक्य सुचेना. मी खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं.

दुसऱ्या दिवशी मी वैनीकडं गेलो. त्या निवडत बसल्या होत्या, सूप मांडीवर. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अणदूर, पुतण्या, कोपऱ्यावर दुखणारा पाय, दुपारच्या गप्पा. भंडाऱ्याबद्दल सांगताना मात्र अडलो, तर त्याच म्हणाल्या, पुढं बोला भाऊजी. सगळं झाल्यावर त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला ठेवले. मला वाटलं होतं रडतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझं लेकरू खरं बोलत हुतं."

"व्हय."

"आन् म्या त्याला जा म्हणलं."

त्या उठल्या, सूप भिंतीला लावलं. "मला एकटीला सांगून भागत न्हाय भाऊजी. तवा जे जे बसले हुते ते बोलवा, आन् त्यांच्यापुढं सांगा. सिद्धूलाबी बोलवा. भंडारा उचलू नका मातर. नुसतं सांगा."

मामाला, त्या दोघा वडीलधाऱ्यांना मी स्वतः जाऊन बोलावलं. त्याच सोप्यात, त्याच सतरंजीवर बसलो. रिकामी खाट एका बाजूला. भंडारा न उचलता खरं बोलणं किती अवघड असतं ते त्या दिवशी समजलं, कारण देवाच्या आड उभं राहायला जागा उरत नाही. मामा म्हणाला, मेलेल्या माणसाचं कशाला काढता आता? वैनी म्हणाल्या, मेलेल्याचं नाही काढत, जित्याचं निस्तरतोय. सिद्धू पूर्ण वेळ जमिनीकडं बघत होता. सगळे गेल्यावर वैनीनं त्याला जेवायला वाढलं. तो ताटावर बसला आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तो त्याचं जेवण होईपर्यंत काढला नाही. मला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी दाराशी उभा होतो. मी निघताना सिद्धूनं विचारलं, अणदूरला आप्पा कुठं बसायचे? मला सांगता येईना. पुतण्याकडून पाकीट घेऊन तो कुठं जायचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सिद्धू म्हणाला, मला ती जागा बघायचीय.

तोवर देव नळदुर्गात आला होता. आम्ही सकाळच्या एसटीनं अणदूरला गेलो. उन्हं कोवळी होती, तुरीच्या शेतांवर धुरकट पिवळं काहीतरी तरंगत होतं, आणि गाडीत सिद्धू माझ्यापासून दोन सीट पुढं बसला होता. पुतण्यानं मान खाली घालून बोट दाखवलं, वळणावरच्या चहाच्या हॉटेलाकडं. पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, रस्त्याकडं तोंड केलेली बाकडी. हॉटेलवाल्यानं मला ओळखलं नाही, पण नळदुर्गचे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"मंग कापडवाले आप्पा कुटं राहिले?" तो म्हणाला. "देव तिकडं गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिसाला येत्यातच. अवंदा उशीर केला."

सिद्धूनं सांगितलं, मी त्यांचा मुलगा. आप्पा वारले. हॉटेलवाल्यानं हातातली किटली खाली ठेवली. तो आतल्या बाजूला गेला आणि आम्हाला खुणेनं बोलावलं. सगळी बाकडी रस्त्याकडं, एकच बाकडं आत, उलटं फिरवलेलं, समोर हातभर अंतरावर धुरानं काळी झालेली भिंत. आप्पांनी स्वतः फिरवून घेतलं होतं, तो सांगू लागला. बाहेर बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. नळदुर्ग रस्त्याच्या त्या अंगाला ना, तिकडं तोंड नको म्हणायचे. भिंतीकडं बघत बसायचे, चहा व्हायचा, मग हळूहळू उठायचे. देव परत इकडं आला की त्यांचं येणं बंद. तरी बाकडं मी सरळ केलं नाही, आप्पा परत येणार म्हणून.

मी भिंतीकडं पाहिलं. दोन गावांच्या मधे कुणालाही न सापडलेला माणूस रोज इथं बसून स्वतःकडं पाठ करत होता, आणि पाठ कुणाकडं करायची हे त्याला नेमकं ठाऊक होतं. मोरपंखी, अंजिरी, कवडी... त्या काळ्या भिंतीवर तो ती ठाणं उलगडत असेल का? की इथं काहीच दिसत नसेल, आणि दिसायचं ते सगळं माझ्यासाठी राखून ठेवत असेल?

हॉटेलवाल्यानं बाकड्याच्या कडेला हात घातला, आता सरळ करतो म्हणाला. सिद्धू म्हणाला, "राहू द्या." तो त्या बाकड्यावर बसला, भिंतीकडं तोंड करून, उजवा पाय थोडा लांब सोडून. दोन चहा सांगितले. मग थोडा सरकला, आणि माझ्याकडं न बघता बाकड्याच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.